रस्त्यालगतच्या बारा ओळी

सेंट मालो, मेन
१२ जून

तू पण त्यांचीच बाजू घे! घे ना. दोन पानं भरून मला शिकवलंस मोठ्यांशी कसं बोलावं ते. मी खोटं बोलले का, एवढंच सांग. शाळेत सगळ्यांसमोर मी म्हटलं की माझे आजोबा उन्हाळाभर दर आठवड्याला बटाट्यावर विष फवारतात आणि त्या वासात मी लहानाची मोठी झाले. यातलं काय खोटं आहे? तू त्यांची थोरली बहीण, तू पण तो वास घेतलायस. कनेक्टिकटला पळून गेलीस म्हणून सुटलीस.

थांब. आई मागून वाचतेय आणि म्हणतेय, मतांत म्हणतेस त्या आत्याआजीला पत्र लिहायची ही काय पद्धत.

ती. मतांत लिओना हिला ओडिलचा शि. सा. न. वि. वि.

झालं? फोनवर तुला ऐकू येत नाही हे एक बरंय. नाहीतर आपण दोघी ओरडून ओरडून मेलो असतो.

तर ऐक. मी आजोबा आजोबा म्हणत बोलत होते तेव्हा पेपेर स्वतः तिसऱ्या रांगेत बसले होते, गुडघ्यावर टोपी ठेवून. विष शब्द आला तशा सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. माझं संपल्यावर पहिली टाळी त्यांनीच वाजवली. मला वाटलं होतं घरी येऊन भांडतील. भांडले नाहीत. कुट्टूच्या पिठाची चार प्लॉय धिरडी खाल्ली, काकवी संपलीय म्हणाले, झोपले. सोमवारी बघते तर रस्त्यापासून मोजून बाराव्या ओळीत त्यांनी काठी ठोकलीय आणि तिला पांढरं फडकं बांधलंय. त्या काठीच्या अलीकडं यंदा फवारणी नाही. रस्त्याच्या पलीकडं आमची शाळेची बाग आहे, तिच्यावर थेंब उडायला नको म्हणून. मला एका शब्दानं सांगितलं नाही. मला कळलं शेजारच्या रोझेर ड्यूबेकडून. तो दात काढत होता, म्हणे म्हातारा नातीच्या धाकात आहे.

आणि त्या बारा ओळी कसल्या आहेत माहितीय ना? डेलिमाच्या. तुझ्या आईच्या नावाचा बटाटा, लांबट, गुलाबी, खोल डोळ्यांचा, जो आता आपल्या घराशिवाय कुणाकडंच नाही. पुढच्या मे महिन्यात मला अठरा पूर्ण झाली की लावणीचा पहिला बटाटा मी कापायचा, असं ठरलंय. ज्यानं पहिला कापला, बेणं त्याचं. (तुला कुणी कापू दिला नाही ते माहितीय. जुनी जखम. उकरत नाही.)

बाग झकास चाललीय. आम्ही आठजण आहोत, बुशार सरांकडं फक्त किल्ली असते. बाकी सगळं मतदानानं ठरतं, भोपळा कुठं लावायचा तेसुद्धा. घराघरांतून खताच्या ढिगासाठी ओल्या कचऱ्याच्या निळ्या बादल्या येतात, शाळेच्या स्वयंपाकघरातून येतात, चर्चमधून येतात. आमचा पहिला नियम, कुणाच्या बादलीला नाही म्हणायचं नाही. नोव्हेंबरात रोझेरनं तीन पिंप टाकाऊ बटाटे देऊ केले तेव्हा मतं चाराला चार पडली. मी प्रमुख, म्हणून माझं मत दोनदा धरलं आणि घेतले. पेपेर तेव्हा कुरकुरले होते की या खोऱ्यात बटाटा खतात घालत नाहीत. मी म्हटलं, ढीग आतून तापतो, सगळं मरतं, पुस्तकात आहे. आणि तापलाच की! जानेवारीत कमरेएवढ्या बर्फातून वाफ येत होती, पेपरात फोटो आला. आता तर गंमतच झालीय. ढिगाच्या कडेनं बटाटे आपोआप उगवलेत. तीसेक झाडं, वीतभर उंच, कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घातलं नाही. पेपेरना सांगितलं नाही अजून. फूल आलं की ओढत नेऊन दाखवणार आहे.

राग गेला असेल तर लोभ ठेव. गेला नसेल तर रागासकट ठेव.

तुझी,
ओडिल


ब्रिस्टल, कनेक्टिकट
२१ जून

चि. ओडिल हिस मतांत लिओनाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचून मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतली बाई धावत आली, तिला वाटलं मी चालले. अगं, मी पळून आले नव्हते. मला गाडीत बसवून देताना तुझा पेपेर रडला होता, चौदा वर्षांचा घोडा. विचार त्याला. नाही म्हणेल.

तुझं भाषण खोटं नव्हतं. पण खरं बोलायचं म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी सांगायचं असतं, असं आमची आई म्हणायची. ती स्वतः कुणालाच आधी सांगायची नाही, ते सोड. तुझा पेपेर, माझा आल्सीद, फवारतो कारण त्यानं न फवारलेलं वर्ष बघितलंय. मी पण बघितलंय. आठ दिवसांत हिरवं शेत काळं झालं होतं, आणि बापानं त्या हिवाळ्यात कुणाच्या घरी पत्ते खेळायला जायचं बंद केलं. तेव्हा त्या काठीला बांधलेलं फडकं म्हणजे काय, ते तुला वाटतं त्यापेक्षा मोठं आहे. त्याला एकदा काकवी नेऊन दे, म्हणजे कळेल त्याला की तुला कळलं.

इथं माझं बरं आहे. कान गेले, गुडघे जायच्या वाटेवर आहेत, जीभ शाबूत आहे. जेवायला रोज उकडलेला बटाटा देतात, त्याला चव नाही, वास नाही, रंगही नाही. डेलिमा मनात आणून खाते.

लोभ आहेच. जास्तीचा पाठवू नकोस, या खोलीत ठेवायला जागा नाही.

तुझी,
मतांत

ता. क. ढिगावरची ती तीस पोरकी पोरं दिसायला गोड असतील, पण आमची आई असलं एखादं दिसलं की जेवणावरून उठून उपटायची. जमलं तर उपट. नाही जमलं तर निदान पेपेरला दाखवू नकोस, त्याचं ब्लडप्रेशर चढेल.


सेंट मालो
२४ जुलै

प्रिय लिओना हिस,
स. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी वाईट आहे हे तू ओळखलं असशील.

अकरा दिवस पाऊस आणि धुकं. मंगळवारी पहाटे दार उघडलं आणि वास आला. तुला आठवत असेल तो वास. रस्त्यालगतच्या पहिल्या ओळीत करपा होता. पानावर काळे ओले डाग आणि उलटवलं की खाली पांढरी बुरशी. पहिल्या ओळीत जास्त, दुसरीत कमी, सहावीत तुरळक. म्हणजे रस्त्याकडून आला.

मी रस्ता ओलांडून शाळेच्या बागेत गेलो. खताच्या ढिगावर बटाट्याची झाडं, गुडघ्याच्या वर, सगळी काळी पडलेली. रोझेरच्या टाकाऊ मालात रोगट बटाटे असणार. शेतात राहिले असते तर थंडीनं मेले असते. पोरांनी ढीग इतका छान ऊबदार ठेवला की कडेचे जगले.

अजून कुणी उठलं नव्हतं. मी ती सगळी उपटली, पोत्यात भरली आणि आपल्या बटाटेघराच्या मागं नेली. तिथं मी मे महिन्यात टाकाऊ बटाटे पुरले होते, वर चांगली दोन फूट माती होती. ती उकरली आणि ही झाडं तिथं पसरली. बघणाऱ्याला वाटावं की म्हातारा पुरायचं विसरला. मग घरी येऊन मीच शेती खात्याच्या तपासनिसाला फोन केला.

तू आता ओरडशील, म्हणून आधीच सांगतो. शाळेच्या ढिगातून आला हे बाहेर पडलं तर बाग दुसऱ्या दिवशी नांगरली जाईल. ते तरी एक वेळ चालेल. पण ती आठ पोरं इथंच राहणार आहेत. या खोऱ्यात करपा कुणी आणला हे माणूस मेला तरी सांगतात. आपल्या बापाबद्दल अजून सांगतात. ओडिल सतरा वर्षांची आहे. मी सत्त्याहत्तरचा आहे, माझं नाव खराब व्हायचं म्हटलं तरी किती दिवस होणार?

बारा ओळी न फवारणं ही माझी मर्जी होती, तिनं मागितलं नव्हतं.

आपल्या आईची शपथ, तिला हे कळता कामा नये.

पाला उद्या जाळतो. जमिनीखालचे बटाटे वाचले तर बघू.

आल्सीद


सेंट मालो
३ ऑगस्ट

ती. मतांत लिओना हिला शि. सा. न. वि. वि.

तुला कळलं असेलच. डेलिमा गेला. म्हणजे वरचा पाला गेला, जाळला. बटाटे अजून मातीत आहेत. वरची साल जाड होऊ द्यायची आणि मग बघायचं, असं पेपेर म्हणतात.

मला लिहायला कसंतरी होतंय. तपासनीस आला आणि बटाटेघराच्या मागं गेला, तर तिथं उघड्यावर ढीग, त्यातून रोगट झाडं फुटलेली. पेपेर पुरायला विसरले. पेपेर! जे दुसऱ्यांना मे महिन्यातच फोन करून पुरायची आठवण करून द्यायचे. तपासनिसानं विचारलं तेव्हा म्हणाले, राहून गेलं. एवढंच. टोपी हातात धरून उभे होते, शाळेत बोलावून आणलेल्या मुलासारखे.

रोझेरचा एक कोपरा गेलाय. लँड्री भावांना दोन जादा फवारण्या कराव्या लागल्या. जुलैच्या शेवटच्या रविवारी सगळे शेतकरी चर्चमधून निघून एकमेकांच्या शेतातून चालत जातात ना, पुढं पेपेर असतात, आणि ते ज्या झाडापाशी थांबतात तिथं सगळे थांबतात. यंदा सगळे आपल्या फाटकावरून सरळ पुढं गेले. पेपेर अंगणात बूट घालून तयार बसले होते. मी खिडकीतून बघत होते. शेवटचा माणूस दिसेनासा झाल्यावर त्यांनी बूट काढले.

आणि मग मी काय केलं ऐक. मला त्यांची दया यायला हवी होती, आला राग. मी म्हटलं की विष फवारायला तुम्ही कधी विसरला नाहीत, साधी माती टाकायला कसे विसरलात? म्हटलं, डेलिमा माझा होता. त्यांनी मान हलवली, म्हणाले, हो, तुझाच होता. मग म्हणाले की शाळेतल्या टोमॅटोचा पाला काढून जमिनीत खोल पुरा, ढिगावर टाकू नका.

आमचे टोमॅटो पण गेले. ढिगावरच्या बटाट्यांना मात्र करपा लागायची वेळच आली नाही, कारण ते त्याआधीच हरणांनी साफ केले. एक झाड शिल्लक ठेवलं नाही. त्यातल्या त्यात नशीब.

तू पेपेरना लिही. माझ्याशी ते बोलतात, पण हवापाण्याचं.

लोभ असू दे. मला सध्या माझाच नाहीये.

ओडिल


ब्रिस्टल
१४ ऑगस्ट

आल्सीद,

आशीर्वाद वगैरे तुला नाहीत. गाढवा, पोरीचं पत्र आलंय. सोबत पाठवत नाही, कारण तुला वाचवणार नाही.

तू तिला वाचवलंस असं तुला वाटतंय. ती तुझा तिरस्कार करायला शिकतेय, आणि ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी तो सगळा उलटा फिरून तिच्यावरच येईल. तू दहा वर्षांनी मरशील, मग ती कुणाची माफी मागणार? दगडाची?

आणि आईची शपथ कसली घालतोस? आई असती तर तिनं ओडिलला कानाला धरून ढिगापाशी नेलं असतं, दाखवलं असतं, आणि मग जेवायला वाढलं असतं. तुला पहिली अर्धी गोष्ट जमत नाही, म्हणून तू नुसता जेवायला वाढत बसतोस.

सांग तिला.

लिओना


सेंट मालो
२९ सप्टेंबर

प्रिय लिओना हिस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. शिव्या पोचल्या.

काढणीची सुट्टी चालू आहे, शाळा तीन आठवडे बंद. ओडिल दर वर्षी माझ्याकडं काढायला असते. यंदा ती रोझेरच्या शेतावर गेली. संध्याकाळी येते, तोंडावर मातीचा थर, सरळ वर जाते. रोझेर सांगत होता पोरगी दोघांचं काम करते. मी म्हटलं, करणारच.

बारा ओळी मी एकट्यानं काढल्या. यंत्र लावलं नाही, हातानं, टोपलीत, लहानपणी काढायचो तसं. अर्धे कापले तर आत तपकिरी. उरलेले दिसायला चांगले. इतके चांगले की काय सांगू. आई धुऊन टेबलावर ठेवायची तसे. ते मी दोन आठवडे बटाटेघरात वेगळे ठेवले आणि रोज सकाळी जाऊन एकेक हातात घेऊन बघितला. त्यातले आठदहा तरी खरंच निरोगी असतील. पण कुठले, ते कापल्याशिवाय कळत नाही, आणि कधीकधी कापूनही कळत नाही. वसंतात लावले आणि एक जरी तसला निघाला तर पुन्हा सगळं खोरं. तेव्हा मी विसरलो असं म्हणायचीही सोय नाही. आणि त्या वेळी लावणारा हात ओडिलचा असेल.

काल सगळे पुरले. चार फूट. एकही ठेवला नाही. एक खिशात टाकला होता, फाटकापर्यंत गेलो आणि परत येऊन तोही टाकला.

डेलिमा एके काळी मी चार घरांना दिला होता. सगळ्यांकडं चौकशी केली. लँड्रीच्या आईनं आठवून सांगितलं की त्यांनी तो सोडून तीस वर्षं झाली, डोळे फार खोल, सोलायला कंटाळा.

तिला सांगायचं म्हणतेस. गेल्या आठवड्यात एकदा तोंड उघडलं होतं. ती भांडी धूत होती. मला बघून म्हणाली की तुमचं जेवण झाकून ठेवलंय. मी म्हटलं, बरं. त्यात मी काय सांगणार?

शेत पुढच्या वर्षी रोझेर कसणार आहे. रस्त्यालगतची पट्टी सोडून. ती मी शाळेला द्यायचं ठरवलंय. तिथं बटाटा सोडून काहीही लावा, असं लिहून देणार.

गुडघ्यांना जप. लोभ आहे, तो सांगायची गरज नाही.

आल्सीद


ब्रिस्टल
२१ ऑक्टोबर

चि. ओडिल हिस आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. आई मागून वाचत असेल तर तिलाही बसव.

करपा तुमच्या ढिगातून आला. तीस झाडं हरणांनी खाल्ली नाहीत. पेपेरनं पहाटे उपटली, पोत्यात भरून आपल्या बटाटेघरामागं नेली, स्वतः पुरलेली जागा उकरली आणि तिथं टाकली. मग स्वतः फोन करून तपासनिसाला बोलावलं. तो काहीही विसरला नव्हता. डेलिमा त्यानं सप्टेंबरात पुरला, एकही बेण्याला ठेवला नाही, का ठेवला नाही ते तू त्याच्याकडूनच ऐक.

मी आईची शपथ मोडून लिहितेय. एक्क्याऐंशीव्या वर्षी शपथ मोडायला भीती वाटत नाही, वर जाऊन काय ते भोगीन. तुझी पत्रं मात्र आता वाचवत नाहीत. त्यात तू त्याच्याबद्दल जे लिहितेस ते वाचलं की मला जेवण जात नाही.

आता माझं. जूनमध्ये तू त्या झाडांबद्दल लिहिलंस तेव्हा मला कळलं होतं. इथं खुर्चीत बसून कळलं होतं की असली झाडं करपा घेऊन उठतात. तेव्हाच तुला सरळ लिहायला हवं होतं की आत्ताच्या आत्ता उपट, किंवा आल्सीदला लिहायला हवं होतं. मी काय केलं? ता. क. म्हणून खाली एक विनोद केला. का, तर तू आधीच माझ्यावर चिडली होतीस आणि तू पत्र पाठवायचं थांबवशील याची मला भीती वाटली. महिन्याला तुझं एक पत्र येतं, ओडिल. माझ्याकडं दुसरं काही येत नाही. वर मीच लिहिलं, पेपेरला दाखवू नकोस. त्यानं एकदा बघितलं असतं तर सगळं वाचलं असतं.

तर दोष वाटायचा असेल तर एकटी सगळा घेऊन बसू नकोस. माझा वाटा माझा आहे, तो मला लागतो.

त्याच्याशी बोल. तो नाही म्हणेल. तरी बोल.

लोभ ठेव असं म्हणायचं धाडस होत नाही. ठेवलास तर कळव.

मतांत


सेंट मालो, शेतकरी संघाच्या हॉलमागचं स्वयंपाकघर
८ नोव्हेंबर

ती. मतांत,

शि. सा. न. वि. वि. घाईत आहे. बाहेर संघाच्या मेजवानीची जेवणं उरकलीत, आता भाषणं चालू आहेत. मी इथं कोंबडीच्या रश्श्याच्या पातेल्यांमध्ये पाकिटावर कागद ठेवून लिहितेय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले. ते टेबलाशी बसून घड्याळ उघडत होते. मी विचारलं. त्यांनी वर न बघता सांगितलं की लिओनाला आता वयामुळं काहीबाही आठवतं, जे झालं नाही तेसुद्धा. मी म्हटलं, मग झाडं कुठं गेली? म्हणाले, हरणं. मी म्हटलं, हरीण बटाट्याच्या पाल्याला पोटभर तोंड लावत नाही आणि मुळासकट तर मुळीच उपटत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. त्यावर ते पुन्हा घड्याळात वाकले.

मतांत, तुला एक सांगते जे कुणालाच सांगितलं नाही. झाडं त्यांनीच उपटली असणार हे मला जुलैतच सुचलं होतं. मोकळा ढीग बघितला त्याच दिवशी. खड्डे होते, मुळं ओढून काढल्याचे, आणि शेजारी मातीत बुटाचा ठसा होता. मी हरणं म्हटलं आणि सगळ्यांनी हरणं म्हटलं. मग घरी मी त्यांच्यावर ओरडले. जितकं मनात यायला लागलं तितकं जास्त ओरडले. म्हणून तुझा वाटा ठेव तू हवा तर, पण तू म्हणतेस तसं मला काही कळलंच नव्हतं असं नाही.

शेवटी त्यांनी मान्य केलं. रडले नाहीत, मीच रडले. त्यांनी पुरलेल्या बटाट्यांचं सांगितलं, खिशातल्याचं पण. मी विचारलं, एक तरी का नाही ठेवला? म्हणाले, तुझ्या हातून करपा दुसऱ्यांदा जायला नको होता. मग म्हणाले की आता हे इथंच संपव. तू बोललीस तर बाग जाईल, पोरांची नावं जातील, मी खोटारडा ठरेन, आणि डेलिमा काही परत येणार नाही. म्हणाले, मला माझ्या मनासारखं एक करू दे.

मी बागेच्या बैठकीत सांगितलं. सगळं. नियमाप्रमाणं मत घेतलं, गावाला सांगायचं की नाही. सात विरुद्ध एक. नाही. जोसलिन रोझेरचीच मुलगी, ती हुंदके देत होती, की ती पिंपं तिच्या बापानं दिली होती हे पण निघेल. बुशार सर म्हणाले, मत म्हणजे मत. खरंय. मतदान मीच आणलं होतं. म्हणून मी तिथल्या तिथं प्रमुखपद सोडलं. आता मी बागेची कुणी नाही, त्यांच्या वतीनं बोलायचं नाही. माझ्या वतीनं बोलू शकते. दोन मतं माझी होती, तेवढीच सांगणार. कुणी दिलं, कुणी बादली आणली, काही नाही. पेपेरनी पोतं कुठून कुठं नेलं ते मात्र सांगावं लागेल, त्याशिवाय त्यांचं नाव त्यांना परत मिळत नाही.

आज पेपेर रस्त्यालगतची पट्टी शाळेला देतायत. कागद तयार आहे. तो घ्यायला प्रमुख म्हणून मला बोलावणार आहेत, मी प्रमुख नाही हे अजून बाहेर कुणाला माहीत नाही. मी मघाशी वाढायला गेले तेव्हा बघितलं, ते दाराजवळच्या टेबलाशी एकटे बसलेत. आजूबाजूला तीन खुर्च्या रिकाम्या आहेत आणि हॉलमध्ये लोक उभे राहून जेवले. मी त्यांना रस्सा वाढला. त्यांनी माझं मनगट धरलं, हळूच विचारलं, गप्प राहशील ना? मी म्हटलं, गरम आहे तोवर खा.

बरोबर करतेय का, माहीत नाही. ते म्हणतात तसं करणं म्हणजे त्यांचं ऐकणं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं ऐकायची खरंच इच्छा आहे. आणि नेमकं आजच ऐकता येत नाही. ते घरी आल्यावर माझ्याशी बोलतील का तेही माहीत नाही. कदाचित आता हवापाण्याचंही बोलणार नाहीत.

तू लिहिलंस, लोभ ठेवलास तर कळव. ठेवलाय. महिन्याला एक पत्र येत राहील, कितीही चिडले तरी.

माझं नाव पुकारलं.

जोसलिन दारात येऊन हातानं नको नको करतेय. तिच्या खांद्यावरून मला पेपेर दिसतायत, ते उठून उभे राहिलेत, टेबलाला धरून. ते काही म्हणायच्या आत जाते.